सीमेवर पोलीस कशाला? कामठीचे रुस्तमजी आणि बीएसएफची जडणघडण

दर एक-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात एक छोटी बातमी येते. सीमा सुरक्षा दलाचे, म्हणजे बीएसएफचे, महासंचालक पस्तीस-छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. संचलन झालं, मानवंदना झाली, नव्या महासंचालकांच्या हाती बॅटन गेलं. फोटोत टोपी, पदकं, पुष्पगुच्छ. एवढं वाचूनही हा माणूस आयुष्यभर नेमकं काय करत होता, ते कळत नाही. लष्करातला म्हणावा, तर माहितीत कुठल्याशा जिल्ह्याचा एसपी असल्याचं लिहिलेलं असतं. पोलीस म्हणावा, तर हाताखाली अडीच लाखांहून अधिक सशस्त्र जवान, वर तोफखाना आणि विमानंसुद्धा.

हा गुंता सोडवायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलेल्या माणसाची कारकीर्द पाहणं. तो माणूस आपल्याकडचा आहे आणि आपल्याकडेच फारसा कुणाला ठाऊक नाही. खुसरो फरामर्ज रुस्तमजी. जन्म २२ मे १९१६, नागपूरजवळच्या कामठीतला. पारशी घर. १९३८ मध्ये ते इंग्रजी अमदानीतल्या ‘इंडियन पोलीस’ सेवेत दाखल झाले आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात काम करू लागले. तेव्हा नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, रुस्तमजींची नोकरी मात्र मध्य प्रदेशाकडे गेली. ते इथल्या लोकांच्या आठवणीतून निसटले, त्यामागे हेही एक कारण असावं.

पण आधी बीएसएफची गरज का पडली ते पाहू.

स्वातंत्र्यानंतरची पहिली अठरा वर्षं पाकिस्तानलगतच्या सीमेवर पहारा होता तो त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांचा. आपल्याकडे एसआरपी असते तशा तुकड्या. पंजाबची सीमा पंजाबचे पोलीस सांभाळणार, गुजरातची गुजरातचे. प्रत्येकाचं प्रशिक्षण वेगळं, हत्यारं वेगळी, वरिष्ठ वेगळे. एका राज्याच्या चौकीला जे कळलं ते शेजारच्या राज्याच्या चौकीला कळेलच, याची खात्री नाही. रोजच्या चोरटेपणापुरतं हे कसंबसं चालून गेलं. मग ९ एप्रिल १९६५ उजाडला. कच्छच्या रणात सरदार पोस्ट, छारबेट आणि बेरियाबेट या चौक्यांवर पाकिस्तानी सैन्य चालून आलं. सरदार पोस्टवर केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान होते. ते तोफांच्या माऱ्यात झुंजले. त्यांचं दल आजही ९ एप्रिल हा शौर्य दिन म्हणून पाळतं. शौर्याला तोड नव्हती, पण व्यवस्था तोकडी पडली होती. समोर तोफा घेऊन येणाऱ्या फौजेला राज्याराज्यांत विखुरलेले पोलीस थोपवू शकणार नाहीत, हे दिल्लीला स्पष्ट दिसलं.

सप्टेंबरात मोठं युद्ध झालं, आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. राज्यांच्या तुकड्या एकत्र करून, सुरुवातीला २५ बटालियन.

इथे कुणालाही प्रश्न पडेल: सरळ लष्करच का नाही बसवलं सीमेवर?

सीमेकडे आपण युद्धाच्या दिवसांतून बघतो. टीव्हीवर सीमा दिसते ती तेव्हाच. पण वर्षातले बहुतेक दिवस तिथे युद्ध नसतं, तिथे माणसं राहत असतात. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे आणि ती शेतांतून, तळ्यांतून, दरवर्षी पात्र बदलणाऱ्या नद्यांतून जाते. पश्चिम बंगालमध्ये हिली नावाचं गाव आहे; तिथे बांगलादेशची रेल्वे सीमारेषेला अगदी खेटून धावते. दोन्ही देशांत ठरलेल्या नियमांप्रमाणे शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नसतं. त्यामुळे काटेरी कुंपण बऱ्याच ठिकाणी मागे सरकून उभं आहे आणि भारतीय शेतकऱ्याची भारतातली जमीन कुंपणापलीकडे राहिली आहे. तो सकाळी फाटकावर येतो, ओळखपत्र दाखवतो, नांगर-बैल घेऊन पलीकडे जातो, संध्याकाळी परततो. कुठे गुरांची तस्करी, कुठे सोन्याची, कुठे खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची. पंजाबात हल्ली ड्रोनमधून हेरॉइन पडतं.

या सगळ्यात गोळी घालणं हा शेवटचा उपाय. आधी ओळखायचं, अडवायचं, झडती घ्यायची, पंचनामा करायचा. पकडलेला माणूस स्थानिक पोलिसांच्या किंवा कस्टम्सच्या ताब्यात द्यायचा. गुन्ह्याचा तपास करून आरोपपत्र दाखल करणं हे बीएसएफचं काम नाही, ते पोलीस ठाण्याचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये बीएसएफची झडती-अटकेची हद्द १५ किलोमीटरवरून ५० वर नेली, तेव्हा राजकीय आरडाओरड झाली ती याच सांध्यावर: राज्याचा पोलीस कुठे संपतो आणि केंद्राचा जवान कुठे सुरू होतो. त्याच आदेशात गुजरातची हद्द ८० वरून ५० वर आली. तिची चर्चा कुणी केली नाही.

शांततेच्या काळात सीमेवर फौज आणून ठेवली तर समोरचाही आणतो. शिवाय फौजेचा सराव, तिची तयारी मागच्या छावण्यांत व्हायची असते. ती फाटकावर ओळखपत्रं तपासत बसली तर लढाईसाठी ताजी राहत नाही. म्हणून पुढे सीमा दल, मागे लष्कर. युद्ध पेटलं की बीएसएफच्या तुकड्या लष्कराच्या हुकमतीखाली जातात आणि आपली जागा धरून ठेवतात. एरवी दल गृहमंत्रालयाचं, संरक्षण मंत्रालयाचं नव्हे.

यासाठी कायदाही वेगळा लागला. दलाला पोलिसांचे काही अधिकार हवेत आणि शिस्त मात्र लष्करासारखी हवी. चौकी सोडून पळालेल्या जवानाचा खटला जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षं रेंगाळून चालत नाही. १९६८ च्या सीमा सुरक्षा दल कायद्याने दलाला स्वतःची न्यायालयं दिली. तो कायदा झाला तेव्हा गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कच्छच्या चकमकीच्या वेळी हेच यशवंतराव संरक्षणमंत्री होते, म्हणजे जुन्या व्यवस्थेची कसोटी त्यांनी जवळून पाहिली होती.

आता रुस्तमजींकडे येऊ.

१९६५ मध्ये त्यांची सेवा सत्तावीस वर्षांची झाली होती आणि त्यातलं एकही वर्ष सीमेवर गेलेलं नव्हतं. तरी निवड झाली. मागची कामं पाहिली की ती का झाली हे उमगतं. १९५२ पासून सहा वर्षं ते पंडित नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख होते. नेहरू गर्दीत घुसणारे, कडं तोडून लोकांच्या हाताला हात लावणारे. अशा माणसाला जपायचं, तेही त्याला जपलं जातंय हे जाणवू न देता. १९५५ च्या मार्चमध्ये नागपुरात एक रिक्षावाला चाकू घेऊन नेहरूंच्या मोटारीवर चढला, तो याच काळात. नेहरूंना इजा झाली नाही. सुरक्षाप्रमुखाच्या स्वतःच्या मुलखात हे घडावं, याचं त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख झाले. म्हणजे चंबळ. तिथल्या घळींमध्ये दरोडेखोरांच्या टोळ्या होत्या आणि राज्यांच्या सीमा त्यांच्या कामी यायच्या: मध्य प्रदेशात डाका घाला, उत्तर प्रदेश किंवा राजस्थानात पळा. नाक-कान कापण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला गब्बरसिंग (हो, नाव सगळ्या देशाला पाठ आहे, पण हा खरा) १३ नोव्हेंबर १९५९ रोजी पोलिसांच्या गोळीला बळी पडला. दुसऱ्या दिवशी नेहरूंचा सत्तरावा वाढदिवस. रुस्तमजींनी ही बातमी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून दिली. पुढच्याच वर्षी विनोबा चंबळमध्ये गेले आणि काही बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. देश भारावला, पोलिसांना मात्र त्यात आपल्या मेलेल्या शिपायांचा विसर पडल्यासारखं वाटलं, आणि रुस्तमजींनी ती नाराजी लपवून ठेवली नाही. विनोबांवर श्रद्धा असलेल्या मराठी वाचकाला हे खुपेल. मला स्वतःला दोन्ही बाजू समजतात. पण संतापुढे पोलिसाने आपल्या शिपायाची बाजू घ्यावी, हे त्या माणसाबद्दल बरंच सांगून जातं.

हद्दीचा फायदा घेणारे गुन्हेगार, दुर्गम मुलूख, घाबरलेली गावं, आणि गावकरी बोलल्याशिवाय काही कळत नाही अशी परिस्थिती. चंबळमध्ये हे सगळं होतं. सीमेवरही तेच असतं, फक्त पलीकडे दुसरा देश असतो.

नवं दल उभारताना त्यांच्यापुढचा कठीण भाग माणसं जमवण्याचा होता. राज्यांतून आलेल्या तुकड्या आपापल्या सवयी घेऊन आल्या होत्या. त्यांना एक गणवेश आणि एकच प्रशिक्षण द्यायचं होतं. त्यासाठी ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला अकादमी झाली. लष्करातून अधिकारी घेतले, पोलिसांतून घेतले, आणि दोघांना एका मेसमध्ये बसवलं. १९६९ मध्ये दलाला हवाई शाखा मिळाली, ऑक्टोबर १९७१ मध्ये तोफखाना. गृहमंत्रालयाच्या दलाकडे तोफा कशाला, हा प्रश्न कच्छच्या अनुभवानंतर फारसा उरला नव्हता.

आणि मग १९७१. कारकिर्दीतलं हे सगळ्यात मोठं पर्व, आणि दीर्घकाळ सगळ्यात कमी बोललं गेलेलं.

२५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. तिथल्या ईस्ट पाकिस्तान रायफल्समधले बंगाली शिपाई बंड करून उठले आणि निर्वासितांबरोबर सीमेकडे येऊ लागले. भारताचं पहिलं माणूस त्यांना भेटलं ते बीएसएफच्या चौकीवरचं. दिल्लीने अजून काही ठरवलेलं नव्हतं, लष्कर लगेच उतरणार नव्हतं. मार्च संपता संपता पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीग पक्षाचे नेते ताजुद्दीन अहमद सीमेवर पोहोचले. त्यांना आत घेतलं ते बीएसएफचे पूर्वेकडचे महानिरीक्षक गोलोक मजुमदार यांनी. रुस्तमजी तातडीने कोलकात्याला गेले, ताजुद्दीन यांना भेटले आणि त्यांची इंदिरा गांधींशी दिल्लीत भेट घडली. १७ एप्रिलला सीमेलगतच्या वैद्यनाथतला इथल्या आमराईत बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. जागा बांगलादेशचीच हवी होती आणि पाकिस्तानी विमानांच्या डोळ्यांत येणारी नको होती. कोलकात्याहून पत्रकारांना तिथवर नेणं, कार्यक्रम सुखरूप पार पाडणं, यामागे बीएसएफ होतं. त्या जागेला मुजीबनगर म्हणतात. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या मदतीची जबाबदारी लष्कराकडे गेली ती त्यानंतर. तोवरचे आठवडे एका पाच वर्षांच्या दलाने पेलले होते.

डिसेंबरच्या युद्धात दल पश्चिमेलाही लढलं. फिरोजपूर भागात राजा मोहतम चौकीच्या लढाईत असिस्टंट कमांडंट राम कृष्ण वाधवा धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. १९७२ मध्ये रुस्तमजींना पद्मभूषण देण्यात आलं.

१९७४ मध्ये, नऊ वर्षांनंतर, ते महासंचालकपदावरून उतरले. एवढा काळ त्या पदावर राहिलेला दुसरा कुणी नाही. आजचा महासंचालक एक-दोन वर्षं असतो, कारण तो आयपीएसमधून येतो, तिथे पोहोचेपर्यंत निवृत्तीचं वय, म्हणजे साठ, जवळ आलेलं असतं. दलातच कमांडंट झालेले, पंचवीस-तीस वर्षं चौक्यांवर काढलेले अधिकारी यावर नाराज आहेत. ते वर जाईपर्यंत वरच्या जागा बाहेरून आलेल्यांनी भरलेल्या असतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केंद्रीय सशस्त्र दलांत महानिरीक्षक पदापर्यंतच्या आयपीएस प्रतिनियुक्त्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात. रुस्तमजींच्या वेळी दल नवं होतं, घरचा अधिकारी तयारच नव्हता. बाहेरून आणण्यावाचून इलाज नव्हता. साठ वर्षांनंतर ते कारण लागू पडतं असं मला वाटत नाही.

निवृत्तीचा विषय निघाला आहे तर महासंचालकाच्या संचलनात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या हवालदाराचंही सांगायला हवं. साताऱ्याचा, बुलढाण्याचा, चंदगडचा मुलगा कॉन्स्टेबल म्हणून भरती होतो, नोकरीचा बराच काळ घरापासून हजार-दोन हजार किलोमीटरवर काढतो. निवृत्तीला त्याच्यासाठी बडा खाना होतो, हार पडतो, गावात मिरवणूकही निघते. पण कागदोपत्री तो ‘माजी सैनिक’ नसतो. २०१२ मध्ये केंद्राने अशा जवानांना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे माजी कर्मचारी अशी वेगळी ओळख दिली. लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या सगळ्या सवलती मात्र तिच्यासोबत आल्या नाहीत. २००४ पासून भरती झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. लष्कराला मात्र नव्या योजनेतून वगळलं होतं. निवृत्तीचं वयही २०१९ पर्यंत एक नव्हतं: कमांडंटपर्यंतचे ५७ ला घरी जायचे, त्यावरचे ६० ला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते सगळ्यांसाठी ६० झालं. म्हणजे एकाच चौकीवर उभ्या राहिलेल्या दोघांचा निरोप किती वेगळा असू शकतो, हे कायद्याने ठरतं.

रुस्तमजींचा निरोप तर नावापुरताच ठरला. सप्टेंबर १९७४ मध्ये केंद्राने त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विषय होता समुद्र. त्या काळी मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर सोनं, घड्याळं, कापड यांची तस्करी जोरात होती. खोल समुद्रातलं युद्ध नौदलाचं, किनाऱ्यावरचा चोर पोलिसांचा आणि कस्टम्सचा. मधलं पाणी कुणाचंच नाही. जमिनीवर १९६५ पूर्वी हेच होतं. समितीने वेगळ्या सागरी दलाची शिफारस केली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी भारतीय तटरक्षक दलाची सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. रत्नागिरीच्या जेटीवर पांढऱ्या रंगाची, तिरक्या केशरी-निळ्या पट्ट्यांची बोट दिसते, तिची मुळं या समितीच्या अहवालात आहेत.

पुढची गोष्ट सीमेची नाही, पण तिच्याशिवाय हा माणूस अर्धाच कळेल. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. रुस्तमजी त्याचे सदस्य. त्या कामात ते बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे त्यांना अशी माणसं भेटली जी वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत होती, खटलाच उभा राहिला नव्हता. काहींवरचा आरोप इतका किरकोळ होता की दोषी ठरले असते तरी त्याहून कमी शिक्षा झाली असती. चाळीस वर्षं माणसं पकडण्यात घालवलेल्या या अधिकाऱ्याने ८ आणि ९ जानेवारी १९७९ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये त्याबद्दल लिहिलं.

ते लेख ॲडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी वाचले आणि त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. अडचण अशी होती की त्या कैद्यांपैकी कुणी त्यांना वकीलपत्र दिलेलं नव्हतं. न्यायालयाने तरी ऐकून घेतलं. हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने सांगितलं की खटला लवकर चालणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. देशभरातून सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले. बाधित माणूस स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने दार ठोठवायचं, ही जनहित याचिकेची वाट आपल्याकडे रुळली ती या खटल्यापासून. योगायोग म्हणा, पण बीएसएफच्याच आणखी एका माजी महासंचालकांनी, प्रकाश सिंह यांनी, पुढे तीच वाट धरली. पोलिसांवरचा राजकीय दाब कमी करण्यासाठी त्यांनी केलेल्या याचिकेवर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिले. राज्यांनी ते किती पाळले, हा वेगळ्या लेखाचा विषय. त्यांचे पुत्र पंकज कुमार सिंह हेही बीएसएफचे महासंचालक झाले.

१९९१ मध्ये रुस्तमजींना पद्मविभूषण मिळालं. पोलीस अधिकाऱ्याला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. २ मार्च २००३ रोजी ते गेले. टेकनपूरला त्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि बीएसएफ दरवर्षी अलंकरण समारंभात त्यांच्या स्मृत्यर्थ व्याख्यान ठेवतं. जवानांना शौर्यपदकं दिली जातात ती त्याच समारंभात.